दाण्यांची भिशी

आमच्या बिल्डिंगची भिशी आई चालवायची आणि त्या पैशांना मला हात लावू द्यायची नाही. का, तर म्हणे माझं डोकं तापट. भिशी चालवायची तर जीभ गार लागते, असं ती म्हणायची, आणि आईचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी तेव्हा चांगली नोकरी करत होते, घरात पगार देत होते, तरी हफ्ते गोळा करायला ती स्वतः गुडघे धरत चार मजले चढायची. मला असा राग यायचा ना! शेवटी मी माझी वेगळी भिशी काढली. फक्त तिच्यातला पैसा या पृथ्वीवरचा नव्हता.

गिरगाव सोडून आम्ही लांब उपनगरात, गोडदेवला राहायला आलो होतो. केबिन रोडवर फरसाणवाल्याच्या वर एक सायबर कॅफे होता, तिथे ऑफिसातून येताना मी अंतराळातला एक ऑनलाइन गेम खेळायचे. या ग्रहावरून माल उचलायचा, त्या ग्रहावर विकायचा, पैसे साठवून मोठं जहाज घ्यायचं. लढायाबिढायांत मला रस नव्हता, मी पक्की व्यापारी. त्या विश्वातल्या चलनाला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण त्याचं चिन्ह निळ्या तांदळासारखं दिसायचं म्हणून आम्ही त्याला दाणे म्हणायचो. "किती दाणे झाले?" असं आम्ही वरून ओरडलो की खाली फरसाण घेणाऱ्या बायका माना वर करायच्या.

माझं जहाज लहानसंच होतं. एसटीच्या लाल रंगात रंगवलेलं. वर्षभर खनिजं वाहून, एकेक दाणा जमवून घेतलेलं. हसा खुशाल, पण तोवर माझ्या एकटीच्या मालकीची तेवढीच वस्तू होती आणि माझा तिच्यावर फार जीव होता.

कॅफेत नेहमीचे आम्ही सहा जण. त्यातला एक गुजराती, वडिलांच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात बसायचा. आणि एक उत्तनजवळच्या चौक गावचा, ख्रिश्चन कोळी. घरची बोट होती, पण पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, म्हणून रिकामा. रोज बस पकडून खेळायला यायचा. सगळ्यांना मोठी जहाजं हवी होती आणि कुणाकडेच पुरेसे दाणे नव्हते. मी म्हटलं, भिशी लावू या. नियम आईचेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं सारखे दाणे माझ्या खात्यात टाकायचे, ज्याचा नंबर त्यानं सगळे उचलायचे, आणि कुणी हफ्ता चुकवला तर भिशी चालवणारीनं तो पदरचा भरायचा. शेवटचा नंबर मी आपणहून घेतला. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. जुलैचा पहिला नंबर निघाला चौकच्या गड्याचा.

त्यानं लगेच भलंमोठं मालवाहू जहाज घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी तळलेले बोंबील आणले. कॅफेवाला शेठ नाक दाबून आठवडाभर कीबोर्ड पुसत बसला. ऑगस्टचा हफ्ता आला. मग नारळी पौर्णिमा झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पठ्ठ्या गायब. मोबाईल लागेना. गाळेवाला हिंदीत म्हणाला, गेला तुझा मच्छीवाला, पहिला नंबर घेऊन पळाला. मी त्याला असं काही झापलं की शेठनं रेडिओ बंद केला. पण झापून हफ्ता भरत नाही. तो मलाच भरायचा होता, आणि माझ्याकडे जहाजाशिवाय होतं काय? गेममधलं दुकान अर्ध्या भावात जहाज विकत घ्यायचं. गाळेवाल्यानं अर्ध्याच्या वर चिमूटभर देऊ केलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. दिलं त्याला.

घरी आले ती तोंड पाडून. आई मेथी निवडत होती. तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला वेड्यात काढणार. पण दाणे खरे की खोटे, हे तिनं विचारलंच नाही. पहिला नंबर कुणाला दिलास, एवढंच विचारलं. मी सांगितलं, तशी तिनं कपाळावर हात मारला.

"आषाढात कोळ्याला पहिला नंबर? अगं, पौर्णिमेनंतर तो दर्यावर जाणार. हफ्ता काय समुद्रातून टाकेल?"

आमच्या मासेवालीची चिठ्ठी आई कधी टाकायचीच नाही. धंद्याच्या महिन्यांत तिनं आधी सगळे हफ्ते भरायचे आणि बोटी बंद झाल्या की शेवटचा नंबर तिचा, हे ठरलेलं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मग आईनं शांतपणे सांगितलं, भिशी काढलीस तर ती पुरी कर. मोडलीस तर माझ्या भिशीचं नाव पुन्हा काढायचं नाही. झालं! आता माझी सगळी इज्जत त्या निळ्या दाण्यांवर आली.

पुढच्या रविवारी स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला गेले आणि चौकची बस पकडली. त्याची आई घरापुढे बोंबील वाळत घालत होती. "तो न्हाय. दर्यान हाय," म्हणाली. बोट यंदा लांब उत्तरेच्या बंदरावर मुक्कामाला होती, दिवाळीनंतरच घरी लागणार होती. मी म्हटलं, मावशी, आमच्या भिशीचा हफ्ता राहिलाय. कसली भिशी, म्हणून तिनं विचारलं. अंतराळ काय सांगणार कपाळ! कॅफेतल्या मुलांची, म्हटलं. तिनं मान हलवली, निरोप देते म्हणाली आणि चहा पाजून परत पाठवलं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे त्याचे हफ्तेही मीच भरले, जहाजाच्या उरलेल्या दाण्यांतून. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर कंपनीनं जाहीर केलं की महिनाअखेर गेम कायमचा बंद होणार. माझा नंबर डिसेंबरचा! बाकीच्या सगळ्यांनी उचलून झालं होतं. गाळेवाला म्हणाला, खेल खतम, बेन. मी कुणाकडे मागितलं नाही. मागणं माझ्या स्वभावात नाही. पण आईला काय तोंड दाखवायचं, हे काही सुचेना.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे निरोप घ्यायला जमले होते. एकमेकांची जहाजं उडवून दंगा चालला होता. तेवढ्यात दार ढकलून चौकचा गडी आत आला. केस खाऱ्या वाऱ्यानं ताठ झालेले, हातात पिशवी, सरळ बसमधून उतरून आलेला. बोट सकाळी लागली होती आणि आईनं त्याला जेवायच्या आधी निरोप सांगितला होता. बसायच्या आधीच त्यानं विचारलं, माझं किती राहिलं? मी भडकलेलेच होते. तीन मागचे आणि एक पुढचा, म्हटलं, आणि आता भरून काय उपयोग, उद्या सकाळी हे सगळं पुसलं जाणार आहे.

त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो स्क्रीनसमोर बसला आणि आपल्या त्या मोठ्या जहाजाकडे बघत राहिला. घेतल्यापासून जेमतेम दीड महिना त्याला ते चालवायला मिळालं होतं.

"उद्याचं उद्या," तो म्हणाला. "भिशी आज हाय ना?"

आणि त्यानं दुकानात जहाज अर्ध्या भावात विकून, गाठीचे होते नव्हते ते दाणे त्यात घालून चारही हफ्ते माझ्या खात्यात टाकले. कॅफेतला दंगा थांबला. थोड्या वेळानं गाळेवाला खाकरला आणि त्यानं डिसेंबरचा हफ्ता टाकला. मग बाकीच्या तिघांनी. माझा नंबर भरला.

मी खुर्ची फिरवली आणि गाळेवाल्याला म्हटलं, माझं जहाज परत दे. आणि त्या बहाद्दरानं, विश्व बुडायला एक रात्र उरली असताना, मला चढा भाव सांगितला! मीही केबिन रोडवर वांगी घेते तशी घासाघीस केली, उठून निघाल्याचं नाटक केलं, आणि त्याला खाली आणलं. लाल रंग त्यानं बदलला नव्हता. जेमतेम एका ग्रहापर्यंत पोचले असेन, तर सातचं लोडशेडिंग झालं आणि सगळे स्क्रीन काळे पडले. आम्ही अंधारात हसत सुटलो.

घरी आई मेणबत्तीच्या उजेडात भात लावत होती. सगळ्यांनी भरले का, तिनं विचारलं. सगळ्यांनी, म्हटलं, कोळ्यानंसुद्धा. आणि तुझा नंबर? मिळाला, म्हटलं. तिनं कुकरचं झाकण लावलं, हात पुसले.

"रविवारी हफ्ते आणायला तू जा," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरची उशीर करते. तिच्यावर तोंड टाकू नकोस."