पुढचं विमान दिसतंय का?

आमचे हे विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानं उतरवतात. तिथं यांचं नाव पडलंय 'झटपट', कारण यांच्या पाळीत कुठलंही विमान घिरट्या घालत बसत नाही. साहेबांनी चारचौघांत कौतुक करून हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं, मग काय विचारता! घरी मात्र एक बल्ब बदलायला महिना लावतात.

यांनीच मला एकदा समजावलं होतं. मोठं विमान उतरताना मागे हवेचे भोवरे सोडून जातं. दिसत काही नाही. पण आपण सायकलवर असताना शेजारून भरधाव बस गेली की कसे डगमगतो, तसं मागच्या लहान विमानाचं होतं. फार जवळ असेल तर उलटतंसुद्धा. म्हणून मध्ये अंतर ठेवायचं. फक्त एक सवलत आहे. मागच्या पायलटला विचारायचं, "पुढचं विमान दिसतंय का?" तो "दिसतंय" म्हणाला, की त्याला भोवऱ्यांपासून सावध करायचं. मग अंतर सांभाळणं त्याच्या गळ्यात आणि टॉवर नामानिराळा.

एका संध्याकाळी यांच्याच पाळीत औषधांच्या पेट्या आणणारं लहान विमान असंच एका मोठ्या विमानामागोमाग उतरताना एका अंगावर कलंडलं. पंख धावपट्टीला घासला, चाक मोडलं. पायलट वाचला, उजव्या हातावर निभावलं.

पुढच्या आठवड्यात तो गळ्यात हात अडकवून आमच्या दारात हजर.

"उद्या चौकशी आहे, साहेब. लायसन्स काही राहत नाही आता. पण माझ्यामुळे तुम्हाला मनस्ताप झाला, म्हणून माफी मागायला आलो. तुम्ही सावध केलं होतंत, मीच गाफील राहिलो."

मी चहा ठेवला. वाटलं, हे दोन शब्द धीराचे बोलतील. कसलं काय! हे मूग गिळून बसलेले, कान लालबुंद. तो बिचारा डाव्या हातात कप सांभाळत उलट यांचीच समजूत घालत होता.

तो गेल्यावर मी यांना फैलावर घेतलं. "अहो, माणूस घरी येऊन माफी मागतो आणि तुम्ही ढिम्म?"

"चूक माझी आहे," हे म्हणाले. "वारा पडला होता. भोवरे तिथंच रेंगाळणार, हे मला ठाऊक होतं. पण मागे रांग लागलेली, म्हणून त्याला विचारलं. 'दिसत नाही' म्हणायला कुठल्या पायलटची जीभ वळते गं? ते माहीत होतं म्हणूनच विचारलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच झटपटपणाच्या मी शेजारणींपुढे फुशारक्या मारल्या होत्या. "उद्या जाऊन सांगा," म्हटलं, "नाहीतर मला तोंड दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी चौकशीत यांनी सगळं सांगितलं. मी बाहेर बाकावर बसून होते. चौकशीचे अध्यक्ष म्हणे यांना एवढंच बोलले, की तुम्ही नियम मोडलेला नाही. पण पायलटचं लायसन्स राहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

पायलट बाहेर आला तसे हे लगबगीनं पुढे झाले. त्यानं यांच्याकडे नीट बघितलं.

"काल तुमच्याकडून घरी गेलो आणि मुलीला समोर बसवून सांगितलं, तुझ्या बाबाला विमान नीट चालवता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. काल का नाही बोललात, साहेब?"

हे काहीतरी पुटपुटले. तोवर तो जिना उतरून गेला होता.