कार्ड मिळणार नाही म्हणणारी शबाना

शबानाबद्दल माधवरावांना फारसं ठाऊक नव्हतं. लातूरच्या मॉलमध्ये ती क्रेडिट कार्डाच्या टेबलावर बसायची, एवढंच.

भारीतलं कार्ड मागायला गेलेल्या माधवरावांना तिने पेन्शन आणि चालू हप्ते विचारले. मग अर्ज बाजूला सारला.

"काका, हे न्हाई मिळायचं. नुसत्या अर्जानंबी कर्जासाठीचा स्कोअर पडतो."

मागून तिचा साहेब हसत म्हणाला, "मॅडम, पगार कोण देऊन राहिलं, काका का कंपनी? बँकेनं अर्ज नाकारला तरी आपलं टार्गेट भरतं. भरून घ्या, नसता उद्यापासून येऊ नका."

त्या हसण्याची माधवरावांना शिसारी आली.

शबानाने पेन ठेवलं आणि डबा पिशवीत टाकला.

"कुठं जायचं पोरी?" माधवरावांनी विचारलं.

"घरी, उदगीरला. आता बस हाय."