जावेचं खाजं आणि माझी साखर

मैत्रिणींनो, आज मी जावेवर इतकी जळले की माझीच मला लाज वाटली.

आम्ही दोघी जावा एकाच वेळी गरोदर आहोत, तिसरा महिना. गेल्या आठवड्यात माझ्या रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाल्या, लवकर कळलं ते बरं झालं. मला मात्र रोज बोट टोचताना एकच भीती, बाळाला काही होणार नाही ना?

आज सासूबाई कुणकेश्वरला जाऊन आल्या. येताना देवळाबाहेरचा गोड खाऊ आणला, आलं-गुळाचं खाजं. पुडा सरळ जावेच्या हातात! मला म्हणाल्या, "गो, तुका नाय हां, तुझी साखर वाढतली."

माझ्या पुढ्यात नाचणीची भाकरी, आणि ती समोर बसून कुडुमकुडुम खाजं खातेय. राहवलं नाही. बोलले, "तुझी मजा आसा बाय!"

तिचे डोळेच भरले. म्हणाली, "वयनी, तुझी साखर किती इली ता घरात सगळ्यांक पाठ आसा. मी सकाळपासून तीनदा ओकलंय, कोणी इचारूक नाय. ह्या खाजाच काय ता पोटात टिकता."

म्हणजे मी तिच्या खाज्यावर जळत होते आणि ती माझ्या साखरेवर!

मी उठून तिची पाठ चोळली. तरी तिने पुढचा तुकडा मोडला, तेव्हा मी परत जळलेच.

खरं सांगा, अशा दिवसांत तुम्ही कोणावर जळलात? आणि तुमच्यावर कोण जळत होतं, ते कधी विचारलंत?