सातांतला पाचवा सेवक

कुणाचं नाव लिहीत नाही. वही कधी दुसऱ्याच्या हाती पडली तर माणसं ओळखू येऊ नयेत.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. हे फौजी इस्पितळात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. बदली झाली म्हणून पन्नासनंतरच्या सालांत जयपूरला आलो. तिथलं देऊळ, म्हणजे चर्च, लहान, उपासना हिंदीत. मराठी घरं दोनच. एक आमचं, दुसरं शहराबाहेर झोटवाड्याला राहणाऱ्या एका म्हातारीचं. तिचा नवरा मेसमध्ये स्वयंपाकी होता, तो वारला. मग मुलगी बाळंतपणात गेली आणि तान्ही नात हिच्या पदरात राहिली. आता ती वर्षाची होती.

तेव्हा देवळात दर शनिवारी परदेशातून आलेली दुधाची पावडर वाटत. विधवांना आणि लेकुरवाळ्यांना. वाटणारा आपल्या नात्यातल्यांना जास्त देतो, असं बोललं जाऊ लागलं. तेव्हा पादरीसाहेबांनी ह्यांना डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, केलं. उपासनेत त्यांनी सांगितलं, बायबलातल्या पहिल्या मंडळीतही हेच झालं होतं. दुसऱ्या भाषेच्या विधवा रोजच्या वाटपात वगळल्या जात होत्या, म्हणून सात सेवक निवडले. दोघांची कीर्ती झाली, बाकीच्यांची माहिती फारशी कुणाला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बहनजी, आपके पति का यहाँ किसी से रिश्ता नहीं. इसलिए चुना." मी पदर सावरून खाली बघत राहिले.

घरी ह्यांनी बायबलातली ती सात नावं माझ्याकडून वाचून घेतली. मी चौथी शिकलेली, परकी नावं अडखळतच वाचली. पाचव्यावर ह्यांनी बोट ठेवलं.

"हा मला आवडला. ह्याच्याविषयी पुढे एक ओळ नाही. म्हणजे कुणाची तक्रार नव्हती."

आपल्याविषयीही तक्रार नको म्हणून ह्यांनी पहिल्याच शनिवारी म्हातारीला रांगेच्या शेवटी उभं केलं.

"मावशी, तुम्ही आपल्यातल्या. तुम्ही मागं थांबा."

"थांबते की. घरच्यांनी शेवटीच जेवायचं असतं," म्हातारी हसून म्हणाली.

पण पावडरचं पिंप एकच यायचं. तिचा नंबर लागेपर्यंत तळ खरवडून झालेला. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी देवळाच्या ओसरीवरून बघत होते. उन्हाळ्याची लू, भाजून काढणारा वारा, चालायची, त्यात ती झोटवाड्याहून डोक्यावर ओलं फडकं टाकून चालत यायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची.

तिसऱ्या खेपेला मी तिला घरी नेऊन तांब्याभर दूध पुढं केलं. तिनं तांब्या माझ्याकडे सरकवला.

"बाई, हे तुझ्या लेकरांचं. मी मागायला येत नाही. माझं नाव वाटपाच्या कागदावर आहे म्हणून येते." मग डबा उचलताना म्हणाली, "पोरगी पेजेवर आहे. उभी केली की पाय मुडपतात."

ह्यांना जेवताना मी ते सांगितलं.

"मला काय कळत नाही?" हे म्हणाले. "पण तिला पुढं घेतली, की लोक म्हणतील डीकनची गाववाली. पादरीसाहेबांनी विश्वास टाकलाय."

मी पुढची भाकरी वाढली. बाजारात भाजीचा भावसुद्धा मला विचारवत नसे. ह्यांच्याशी वाद कुठला घालणार?

पुढच्या शनिवारी मात्र मी म्हातारीचा हात धरला आणि तिला रांगेत चौथी नेऊन उभी केली. मागून एक बाई म्हणाली, "लो, डीकनी जी अपनी वाली को ले आईं." दोघीतिघी हसल्या. माझे कान तापले.

ह्यांनी मापाचा डबा हातात धरून वर पाहिलं. "पीछे," म्हणाले. मला हिंदीत, सगळ्यांसमोर.

म्हातारी मागं निघाली. मी तिचा हात सोडला नाही.

ती मघाची बाई पुढं आली. तिनं म्हातारीच्या डब्यात वाकून बघितलं. "अम्मा, कितने हफ्ते खाली गई?"

म्हातारीनं तीन बोटं दाखवली.

"तो दो ना, भैया. हमने कब मना किया था?"

कुणाचीच तक्रार नव्हती. ह्यांनी पावडर घातली, तेव्हा निम्मी फरशीवर सांडली. म्हातारीनं खाली बसून पदरानं तीही गोळा केली.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर ह्यांनी डीकनपद सोडलं. त्याविषयी मला कधी बोलले नाहीत, ना रागानं, ना दुसरं काही. बायबलातलं ते सात नावांचं पान आलं की मला अजून वाटतं, त्या पाचव्याच्या रांगेतही शेवटी कुणी उभी असेल आणि ओसरीवर माझ्यासारखी कुणी गप्प असेल. मग तक्रारीची एक ओळ तरी कोण लिहिणार? तीन शनिवार मीही नुसती बघतच होते.

नात वाचली. चालायला फार उशिरा लागली. तिला दाखवायला म्हातारी आमच्या दारी आली, तेव्हा पोर भिंत धरून दोन पावलं चालली. हे बाहेर आले, तिच्या पायांकडे बघितलं आणि आत जाऊन बसले.