थॉर्नवेलची गढी आणि अर्ध्या वाटेवरची घोंगडी

निवृत्त झालो त्या दिवशी मी शाळेकडून एकच वस्तू मागून घेतली: शिक्षकांच्या खोलीतील जुन्या दिनदर्शिकेचे एक पान. त्यावर इंग्लंडमधील एका गढीचे रंगीत चित्र होते. चहूबाजूंनी खंदक, खंदकात स्थिर पाणी आणि त्या पाण्यात उलटी उतरलेली चार उंच धुराडी. खाली नाव होते, थॉर्नवेल कोर्ट. इंदापुरात तीस वर्षे मराठी आणि इंग्रजी शिकवताना वह्यांवरून मान वर केली की दृष्टी त्याच चित्रावर जाई. ही गढी डोळ्यांनी पाहायची आणि तिच्या दालनांतून चालायचे, हे मी फार पूर्वीच ठरवले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते जमून आले. मुलगा विलास बर्मिंगहॅमला नोकरीस होता. त्याने पत्रात लिहिले, "नाना, जूनमध्ये या, आणि आबांनाही घेऊन या." आबा म्हणजे माझे थोरले बंधू. कळंबच्या माळावर त्यांनी उभा जन्म मेंढ्या राखल्या, म्हणून मला अंथुर्ण्याच्या शाळेत जाता आले. ते यायला तयार झाले, पण घोंगडी बरोबर घेण्याच्या अटीवर. मी बारामतीच्या शिंप्याकडून करड्या रंगाचा कोट शिवून घेतला. तो थॉर्नवेलसाठी होता.

निघण्यापूर्वी मी आबांना बजावले, "तिथे कशालाही हात लावायचा नाही, मोठ्याने बोलायचे नाही, रांग मोडायची नाही."

"आन् श्वास?" आबांनी विचारले. "त्यो घ्यायला बी तुला इचारायचं व्हय रं, मास्तर?"

इंदापूरहून एस.टी.ने पुणे, तेथून मुंबई, आणि पुढे विमान. जाणाऱ्यांना एक सूचना करतो: दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर न्यावी. इंग्रजी पाव पोट भरतो, पण जेवल्यासारखे वाटत नाही. किल्ल्यांच्या तिकिटात वृद्धांना सवलत मिळते. वयाचा दाखला जवळ ठेवावा. आबांकडे तो कोणीही मागितला नाही.

पहिल्या दिवशी केनिलवर्थचा किल्ला पाहिला. बर्मिंगहॅमहून मोटारीने तासाभराच्या आत पोहोचता येते. तांबड्या दगडाच्या भग्न भिंती, छत नाही, खिडक्यांच्या चौकटींत नुसते आभाळ. या किल्ल्याभोवती एके काळी बांध घालून मोठे तळे केलेले होते; पुढे ते आटवले आणि आज तेथे कुरण आहे. मी हे सांगितले तेव्हा आबा बराच वेळ त्या हिरव्या सपाटीकडे पाहत राहिले.

"आपल्याकडं उजनीला गावं बुडवून पानी केलं," ते म्हणाले. "ह्यांनी पानी काढून रान केलं. दोगांनाबी आदी करमत नव्हतं वाटतं."

मार्गदर्शक पुस्तिकेत इतके नेमके वाक्य मला आढळले नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही पश्चिमेकडे निघालो. रस्ते अरुंद, दोन्हीकडे माणसाहून उंच झुडपांची कुंपणे, त्यामुळे वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. दुपारपर्यंत स्टोकसेची गढी झाली. ही गढी एका लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधली, हे कळताच आबांनी तिच्या तुळयांकडे नव्याने पाहिले.

"मेंढराच्या लोकरीवर एवढं? मग आपलं कुटं चुकलं रं, मास्तर?"

"आपण घोंगड्या विणल्या, आबा. त्यांनी गलबते भरली."

थॉर्नवेल तेथून तासाभराच्या वाटेवर होते. ती खाजगी मालमत्ता असल्यामुळे केवळ गुरुवारी, दुपारी दोन ते पाच, लोकांना आत सोडत. आमचे परतीचे विमान सोमवारी होते. म्हणजे दुसरा गुरुवार नव्हता. स्टोकसेला मी जरा जास्त रेंगाळलो, हे कबूल करतो. पावणेचार वाजता अर्ध्या तासाची वाट उरली असताना आबा एकदम ओरडले, "थांबीव! विलास, गाडी थांबीव!"

रस्त्याकडेच्या कुरणात एक मेंढी पाठीवर पडली होती. चारही पाय आभाळाकडे. लोकर इतकी वाढलेली की तिला कूस पालटता येत नव्हती. मी काही बोलण्याआधी आबा फाटकावरून पलीकडे गेले होते. त्यांनी मेंढीला उलथून उभे केले, दोन गुडघ्यांत धरले आणि तिचे पाय सावरेपर्यंत तसेच थांबले.

"कातरायची येळ टळल्याली हाय," ते म्हणाले. "राखण्या कुटाय हिचा?"

"आबा, इकडे मेंढ्यांमागे माणूस नसतो," विलास म्हणाला. "कुंपण घातले की झाले."

"कुंपान उताणी मेंढी उठीवतंय व्हय?"

आमच्या वडिलांचा एक दंडक होता: राखणदार नसलेला कळप दिसला, तर राखणदार येईपर्यंत जागा सोडायची नाही. वडील एकदा मेंढ्या घेऊन दूर गेलेले असताना तापाने झाडाखाली पडून राहिले. कोणा परक्या मेंढपाळाने दीड दिवस आमचा कळप राखला आणि नाव न सांगता तो निघून गेला. तो कळप गेला असता, तर आमच्या घरात पाटी आली नसती. आबांनी फाटकाजवळ घोंगडी अंथरली तेव्हाच मी ओळखले, की आता हे उठणार नाहीत.

"हिचं पाय लटपटत्यात. परत पडली तर सांजपतोर मरंल. तुमी जावा. धनी आला की मी उठतो."

"आबा, पाच वाजता ती गढी बंद होते. आज चुकली, तर कायमची चुकली."

"म्हून तर म्हनतो, जा. म्यां मेंढरांपाशी बसायचं आन् तू फुडं जायचं, ही काय आजची रीत हाय? मला सवय हाय."

बोलण्यात टोमणा नव्हता. 

मी मोटारीत बसलो. विलासने गाडी सुरू केली. आरशात आबा दिसत होते: फेटा, काठी आणि भोवती परक्या देशाच्या मेंढ्या. वळण येण्यापूर्वी मी म्हणालो, "मला इथेच उतरव. तू जवळपासची घरे शोध आणि या मेंढ्यांचा जो कोणी मालक असेल, त्याला घेऊन ये."

मी परत येऊन घोंगडीवर बसलो. आबांनी एकवार कोटाकडे पाहिले.

"लोकर चिकटंल."

"चिकटू द्या."

त्यांनी फडक्यातली दशमी काढली, अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. थोड्या वेळाने ती मेंढी पुन्हा कलंडली. "धर तिकडनं!" आबा म्हणाले, आणि मी धरले. पन्नासएक वर्षांनी मेंढीच्या बरगड्यांना हात लागला; कोठे धरायचे, हे हात विसरले नव्हते.

"पाच वाजलं का?" आबांनी विचारले.

"वाजले."

आबांनी आणखी एक दशमी मोडली.

सात वाजता विलास एका साठीच्या बाईंना घेऊन आला. मेंढ्या त्यांच्याच; बाई स्वतः दिवसभर बाजाराच्या गावी होत्या. पावसाने कातरणी लांबली होती आणि लोकर वाळल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी व्हायची होती. त्यांनी मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, आम्हा दोघांकडे पाहिले आणि विचारले, "किती वेळ बसला आहात?"

"तीन तास," मी इंग्रजीत सांगितले.

"पण का?"

थॉर्नवेलमध्ये बोलण्यासाठी मी वास्तुकलेवरची कितीतरी इंग्रजी वाक्ये घडवून ठेवली होती. त्यांपैकी एकही उपयोगाचे नव्हते. मी म्हणालो, "आमच्याकडे असे बसतात."

बाईंनी वाकून घोंगडीचा काठ अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळून पाहिला. त्याच वेळी आबा मेंढीची लोकर तशीच चोळून पाहत होते. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. दुभाष्याची गरज पडली नाही. मग त्यांच्या स्वयंपाकघरात दुधाचा दाट चहा झाला. आबांनी तो दोनदा मागितला.

जूनमध्ये तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो. परतताना विलासने न सांगता थॉर्नवेलची वाट धरली. फाटक बंद होते. झुडपांवरून चार धुराडी दिसली. पाणी दिसले नाही.

आबा टाचा उंचावून बघत म्हणाले, "चितरात जादा दिसतंय की रं, मास्तर."

आता नात ही हकिगत माझ्या वहीतून ब्लॉगवर उतरवत आहे, म्हणून भावी प्रवाशांसाठी लिहितो. थॉर्नवेलचा वार आणि वेळ आता बदलली असेल. आधी विचारून घ्यावे. स्टोकसेला दोन तास पुरतात, माझ्यासारखे रेंगाळू नये. दालनांविषयी मला विचारू नये. मी ती पाहिलेली नाहीत. ते चित्र अजून माझ्या भिंतीवर आहे आणि त्याकडे पाहताना मला काही चुकल्यासारखे वाटत नाही. कोट मात्र मी त्यानंतर धुतला नाही. बाहीवर मेंढीच्या पांढऱ्या आणि घोंगडीच्या काळ्या लोकरीचे तंतू एकत्र अडकलेले आहेत.

परतल्यानंतर आठवड्याने मी कळंबला गेलो. आबा पारावर बसले होते, भोवती दहा-बारा माणसे. कोणीतरी विचारले, "आबा, विलायतंत काय काय बघितलं मग?"

"मोप बघितलं," आबा म्हणाले. त्यांनी मला येताना पाहिलेले नव्हते. "किल्लं बघितलं, लोकरीवर बांधल्याली गढी बघितली. आन् आमचा मास्तर बघितला, नव्या कोटात, घोंगडीवर माझ्याजवळ बसल्याला. तीन तास. मला वाटलं, आता उठंल, मग उठंल."

"मग?"

"न्हाय उठला."

मी पाराच्या मागूनच वळलो आणि थोडा वेळ देवळापाशी थांबून मग त्यांच्याकडे गेलो.