बायजाबाईने लपवलेली पिल्लं

काल्हेरच्या खाडीत बायजाबाई चिंबोऱ्या, म्हणजे चिखलातले खेकडे, धरायची. ओहोटी लागली की तिवरांच्या झाडीत शिरायचं, बिळात लोखंडी आकडी घालायची, चिंबोरी ओढून काढायची. तळहाताहून लहान निघाली तर तिथल्या तिथे परत चिखलात. सासूने लावलेली शिस्त होती ती. त्यामुळे टोपलीत नेहमी थोराड चिंबोऱ्याच यायच्या.

चिंबोऱ्यांची वस्ती वाढते की घटते, हे अभ्यासायला कॉलेजातून दिपाली आली आणि बायजाबाईच्या कपाळाला आठी पडली. मापं घेणारी माणसं आली की मागून गोदाम येतं, हे तिने पाहिलं होतं. तिने पोरीला तिवरांत पाऊल टाकू दिलं नाही. काठावर टोपली आपटायची, "घे, मोज."

"मावशी, सगळ्या मोठ्याच कशा? पिल्लं कुठायत?"

"न्हायत."

पिल्लांची जागा कळली तर तळ्यात चिंबोऱ्या पोसून विकणारे ती उपसून नेतील, ही तिची भीती. न्हाय म्हटलं की पीडा टळेल, असं तिला वाटलं.

दिपाली हिवाळाभर टोपलीच मोजत राहिली. गावाच्या बैठकीत तिला खाडीबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मोठ्या आहेत, पण मागे पिल्लं नाहीत. अशी वस्ती सरत जाते."

बायजाबाईचा दीर केसरीनाथ याचीच वाट पाहत होता. काठावर भराव टाकून त्याला गोदाम बांधायचं होतं. "ऐकलंत? खाडी मेली! मेलेल्यावर माती टाकायला कुनाला इचारायचं? वहिनी, तू आता वडप्याच्या गोदामात पॅकिंगला जा."

लोक हसले. बायजाबाई उठली. "खाडी न्हाय मेली. मीच पिल्लं दाखवली न्हाय."

दिपाली लालबुंद झाली. "माझा अख्खा हिवाळा मातीत घातलात तुम्ही!"

"तू तरी काठावर बसून टोपल्याच चाळल्यास. नीघ, ओहोटी लागलीय."

"आजच बरी सुचली पिल्लं!" केसरीनाथ ओरडत मागोमाग काठापर्यंत आला.

गुडघाभर गाळात बायजाबाईने तिवराच्या मुळाखाली हात घातला. नखाएवढ्या चिंबोऱ्या चहूकडे पळाल्या. दिपाली मोजपट्टी घेऊन वाकली ती बराच वेळ उठली नाही. मग काठाकडे वळून म्हणाली, "माझं बोलणं मी मागे घेते. किती जन्मतात, किती जगतात, ते वर्षभर बघेन. तोवर इथे माती पडली, तर तक्रार मी करीन." आणि बायजाबाईला, "पुन्हा लपवलंत, तर मी येणार नाही."

"आन ही जागा तळेवाल्यांना कळली, तर ही आकडी तुला."

केसरीनाथने दिलेली शिवी खाडीवर घुमली. दिपाली मोजपट्टी घेऊन पुन्हा वाकली. बायजाबाईने पुढच्या मुळाखाली हात घातला.