आधी जागा, मग कडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका मुलीचं उत्तर बरोबर आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी तिला प्रॅक्टिकलला नापास केलं.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. शेवटच्या वर्षाची ऑपरेटिंग सिस्टीम माझ्याकडे असते, आणि त्यात सेमाफोर येतो. सेमाफोर म्हणजे मशीनच्या आत सांभाळलेला एक आकडा. दोन प्रोग्राम एकदमच एका जागेत हात घालू लागले तर गोंधळ होतो. म्हणून आत शिरण्याआधी ज्यानं त्यानं तो आकडा एकानं कमी करायचा. आकडा शून्य असेल तर दाराशीच झोपून राहायचं. काम उरकून निघणारा आकडा एकानं वाढवतो आणि झोपलेल्याला उठवतो.

यावर एक ठरलेला प्रोग्राम असतो. एक जण माल करून खणात ठेवतो, दुसरा तो उचलून नेतो. ठेवणाऱ्यानं आत जाताना दोन सेमाफोर बघायचे: एक रिकाम्या खणांचा, दुसरा दाराच्या कडीचा. माझ्या वहीत आधी कडी होती, मग खण. ती वही माझ्या शिकतानाची, मीही कुणाच्या तरी वहीवरून उतरवलेली. मी फळ्यावर लिहायचो, मुलं जर्नलात उतरवायची, मी सही करायचो. चालवून बघितलंच तर चार-पाच वस्तूंपुरतं. तेवढ्यात खण भरत नसत, त्यामुळे चूक कधी दिसली नाही.

ती मुलगी भूमकडच्या एका खेड्यातली. घरी खव्याची भट्टी. वर्षभरात तिनं हात एकदाच वर केला.

"सर, हे उलटं झालंय."

"काय उलटं?"

"आमच्या भट्टीवर खव्याची खोली हाय. फळीवर सहाच पराती मावत्यात. मांजर शिरतंय म्हणून आत गेलं की कडी लावायची. आता सातवी परात घेऊन कुणी आत गेलं अन् कडी लावून जागेची वाट बघत बसलं, तर पराती न्यायला आलेला बाहेरच ऱ्हाणार. ह्याला जागा मिळायची न्हाय, त्याला दार उघडायचं न्हाय. म्हणून आधी जागा बघायची, मग कडी लावायची."

"मग त्यो माणूस कडी काढून बाहेर येईल की!" मागच्या बाकावरून एक जण म्हणाला.

"माणूस येईल. मशीन यायचं न्हाय."

तिचं ते वाक्य मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. त्या वेळी मात्र मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "भट्टी घरी ठेवून येत जा. जर्नलात आहे तसंच लिहायचं." वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून पोरं तिला 'कडी' म्हणू लागली. मी ते ऐकत होतो.

परीक्षेत तिनं तिच्या पद्धतीनं लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना बस गाठायची होती. "तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मी म्हणालो, "जर्नलप्रमाणे नाही." त्यांनी तिच्यासमोरच नापासाचे गुण लिहिले, सही केली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅब रिकामी होती. मी माझा प्रोग्राम चालवला. सहा खण, पन्नास वस्तू. सातव्या वस्तूला तो थांबला. पडद्यावर रेघ लुकलुकत राहिली, मी पंख्याखाली तिच्याकडं बघत बसलो. मग त्या मुलीचा प्रोग्राम चालवला. पन्नासच्या पन्नास वस्तू निघाल्या. तीनदा चालवला, तिन्ही वेळा निघाल्या. गुणांची यादी अजून माझ्याच कपाटात होती. परीक्षकांना एक फोन केला असता तर दुरुस्ती झाली असती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. स्टाफरूमच्या दारात चपला काढून आत आले. दोन सहकारी चहा पीत बसले होते.

"सर, म्या काय शिकलेला न्हाय. पोरगी दोन दिस झालं जेवली न्हाय. म्हणती, माझंच बरोबर हाय. लग्नासाठी सोयरे थांबल्यात, आमी त्यास्नी एवढ्याच वर्साचा शब्द दिलाय. तुमी सांगा, तिचं बरोबर हाय का? तुमी न्हाय म्हणला तर न्हाय."

सहकाऱ्यांनी कप खाली ठेवले होते.

मी म्हणालो, "नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि चपला घालून गेले. दुपारी मी यादी पाठवली. ती परत परीक्षेला बसली नाही.

पुढच्या वर्षी मी फळ्यावर आधी खण लिहिला, मग कडी. वहीतलं ते पान फाडून टाकलं. का बदललं, हे कुणी विचारलं नाही.

आता बायको लेकीकडं पुण्यात असते. मी खानावळीत जेवतो. घरी आलो की बोलायला कुणी नसतं, आणि खरं सांगायचं तर माणसं होती तेव्हाही मी फारसा बोलत नव्हतो. परवा येरमाळ्याला बस थांबली म्हणून उतरलो, तर रस्त्याकडेच्या पेढ्यांच्या दुकानात गल्ल्यावर ती.

"सर, ओळखलं का? बसा की. चहा सांगते."

तिच्या मागं खव्याच्या खोलीचं दार होतं. दाराशेजारी खिळ्याला पत्र्याचे बिल्ले अडकवलेले, फळीवरच्या दर रिकाम्या जागेला एक. एक बाई परात घेऊन आली, एक बिल्ला काढून घेतला, आत गेली. मग आतून कडी वाजली.

"अजून तेच शिकवता का, सर?"

"हो."

"आता आधी काय लिहिता?" ती तराजू पुसत होती. हसत होती, पण मान वर केली नव्हती.

"गाडी निघाली वाटतं," मी म्हणालो आणि चहा अर्धा ठेवून उठलो. गाडी निघाली नव्हती. चांगली दहा मिनिटं मी खिडकीत बसून होतो आणि ती मला समोर दिसत होती.

मी तिला एक वाक्य देणं लागतो: तुझं बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. हेच वाक्य तिच्या वडिलांनाही देणं लागतो, त्यांच्या दारात उभं राहून. अजून दिलेलं नाही.